सेनोबियाची राहिलेली कबुली

माझी थोरली बहीण सेनोबिया हिची मरणापूर्वी एकच इच्छा होती. आयुष्यभर मनात बाळगलेले एक पाप फादरांच्या कानावर घालावे, त्यांच्या तोंडून क्षमेचे शब्द ऐकावेत आणि मग डोळे मिटावेत. ती इच्छा पूर्ण झाली नाही. नदी लांब आणि फादर दूर, म्हणून असे घडले, अशी गावाची समजूत आहे. ती समजूत खरी नव्हे. जे घडले ते माझ्या हातून घडले, आणि म्हणूनच मी ते यथाशक्ति लिहून ठेवीत आहे.

मी सान फेर्मिन गावचा धर्मशिक्षक. पाचव्या इयत्तेनंतर माझी शाळा सुटली. पुढे सांता मार्ताच्या मिशनमध्ये सहा महिने शिकून मी हे काम पत्करले, त्यास आता एकतीस वर्षे झाली. आमच्या गावी फादर राहत नाहीत. सांता मार्ताचे प्रमुख फादर लिबोरियो यांच्याकडे नदीकाठची त्रेचाळीस गावे आहेत. ते आमच्याकडे वर्षातून दोनदा येतात, एकदा पाणी चढल्यावर आणि एकदा उतरल्यावर. एरवी रविवारी चॅपेलमध्ये वचन वाचणे, प्रार्थना सांगणे, मृतांना माती देणे हे सर्व मी करतो. मिस्सा, म्हणजे वेदीवरचा भाकर-द्राक्षारसाचा विधी, मात्र मी करू शकत नाही, आणि पापांची क्षमाही देऊ शकत नाही.

असे का, हे मुलांना उमजावे म्हणून मी चॅपेलच्या भिंतीवर घर रंगवून उरलेल्या रंगाने एक शिडी काढली होती. सर्वांत खाली बाप्तिस्मा झालेली माणसे, त्यांच्यावर धर्मशिक्षक, त्याच्यावर डीकन, मग फादर, मग डीन, मग व्हिकार जनरल, मग बिशप, आणि छपराला टेकलेला पोप. प्रत्येक पायरीवर काय करता येते व काय करता येत नाही, हे मी काठीने दाखवून शिकवीत असे. या वर्गाला पुष्कळदा मोठी माणसेही बसत, आणि सेनोबिया तर नेहमीच पहिल्या बाकावर बसे. आमची आई नदीत बुडून गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. सेनोबियाने मला वाढविले, आणि आपण वाढविलेला भाऊ काठी घेऊन शिकवितो याचे तिला फार अप्रूप होते.

त्या वर्गात एकदा एका मुलीने विचारले होते, "गुरुजी, मिस्त्री कुठल्या पायरीवर?"

मिस्त्री म्हणजे वेन्सेस्लाओ. ते पूर्वी सांता मार्तालाच फादर होते. आमच्या गावच्या रुफिनावर त्यांचे मन जडले, तेव्हा लपवाछपवी न करता त्यांनी बिशपांना पत्र लिहिले. तीन वर्षांनी रोमहून कागद आला, त्यांना सेवेतून मोकळे करण्यात आले आणि ते आमच्या गावी येऊन होड्यांच्या मोटारी, म्हणजे इंजिने, दुरुस्त करू लागले. तो कागद चॅपेलमध्ये लोकांना वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले होते. "सर्व अधिकार काढून घेण्यात आले आहेत" हे वाक्य मी दोनदा वाचले होते. त्याच्या खाली एक ओळ होती. तिच्यात कसल्याशा कलमाचा आकडा व "एवढे वगळता" असे काही शब्द होते. तो जावक क्रमांकाचा भाग असावा असे समजून मी ती ओळ सोडून दिली.

त्या मुलीला मी उत्तर दिले, "कुठल्याच नाही. तो शिडीवरून उतरला. आता त्याने हात उचलला तरी तो मिस्त्रीचाच हात, आशीर्वादाचा नव्हे."

सर्व वर्ग हसला, आणि सर्वांत मोठ्याने सेनोबिया हसली.

गेल्या वर्षी पाणी उतरू लागले त्या सुमारास तिच्या पोटात गाठ आल्याचे कळले. आरोग्य केंद्रातील नर्सने तिला तपासून घरी न्यायला सांगितले, व पुन्हा कधी आणायचे हे सांगितले नाही. सेनोबियाला त्यातून सर्व समजले. पिकल्या केळ्याचे पातळ चापो ती दोन घोट घेई आणि वाडगा बाजूला सारी.

"तेओ," ती विणलेल्या दोरीच्या झुल्यात पडल्या पडल्या म्हणाली, "फादर कधी येणार?"

"अजून पाच आठवडे आहेत."

"माझ्याकडे नाहीत पाच आठवडे. तू घेऊन ये त्यांना."

"एवढं काय आहे, आक्का? मला सांगतेस का? मन हलकं होईल."

"तुला सांगून काय होणार? तू ऐकशील, रडशील, आणि पाप आपलं जिथल्या तिथं. तुझ्या पायरीवर माफी मिळत नाही. तूच शिकवतोस ना?"

हे ती हसत म्हणाली. परंतु तिचे डोळे हसत नव्हते. ती भ्यालेली होती. नदीत मगर दिसली तरी वल्हे न थांबविणारी माझी बहीण भ्यालेली मी प्रथमच पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर नावेत इंधनाचे डबे चढवीत होतो. मिस्त्री तेथेच एक मोटार उघडून बसले होते.

"कुठं निघालास, तेओदुलो?"

"सांता मार्ताला. फादरांना आणायला. आक्काला कबुली द्यायची आहे."

त्यांनी हातातील पाना खाली ठेवला. "जाऊन येऊन किती दिवस?"

"पाच. फार तर सहा."

"एक सांगू का? रागावू नकोस. मरणाच्या दारात असलेल्या माणसाची कबुली मी ऐकू शकतो. एरवी नाही. पण तेव्हा चालतं. चर्चच्या कायद्यातच आहे तसं."

"मिस्त्री, तुमचा कागद मी स्वतः वाचलाय. सर्व अधिकार काढून घेतले, असं स्पष्ट होतं त्यात."

"होतं. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती."

"मला कायदा शिकवू नका," मी म्हणालो. "तुमचे हात आता रिकामे आहेत. माझ्या बहिणीच्या आत्म्यावर प्रयोग नको."

रुफिना काठावर मासे साफ करीत होती. ती ओरडली, "जाऊ द्या हो त्याला! तुम्ही मोटारी दुरुस्त करता तेवढं पुरे. लोकांची पापं दुरुस्त करायला निघालात की मला घरात वेगळा ताप!"

मिस्त्रींनी माझ्या नावेची दोरी सोडून दिली.

दोन दिवसांनी मी सांता मार्ताला पोहोचलो. कचेरीत एदुविखेसबाई एकट्याच होत्या, आणि टेबलावर बाप्तिस्म्याच्या दाखल्यांची चळत होती.

"फादर लिबोरियो? ते रिट्रीटला गेलेत, प्रार्थनेच्या एकांतवासाला, बिशपांच्या गावी. सगळेच फादर गेलेत. दहा दिवस अख्ख्या धर्मप्रांतात कुणी मरायचं नाही, असा हुकूम आहे बहुतेक."

"माझी बहीण मरते आहे, बाई."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "माफ करा, गुरुजी. दिवसभर हेच सांगतेय, जीभ कोडगी झालीय. डीनसाहेब गेलेले नाहीत. पाय सुजलेत त्यांचे. पुएर्तो सेरेनोला आहेत. एक दिवसाचा रस्ता. जाऊन बघा."

मी गेलो. एका पायरीवर काम झाले नाही तर वरच्या पायरीवर होईल, ही माझी अढळ श्रद्धा होती. किंबहुना वरच्या पायरीवर अधिक चांगले होईल असेच मला वाटत होते. डीन फादर ओनोरातो एकोणऐंशी वर्षांचे होते. व्हरांड्यात बसून त्यांनी दोन्ही पाय कोमट पाण्याच्या बादलीत बुडविले होते, आणि मांडीवरच्या ताटलीत उकडलेला युकाचा कंद होता.

मी गुडघे टेकून सर्व हकीकत सांगितली.

"मला यायला आवडलं असतं रे," ते म्हणाले. "पण या पायांनी मी अंगणातल्या संडासापर्यंत जातो तेव्हा शेजारी टाळ्या वाजवतात. कुठलं गाव म्हणालास?"

"सान फेर्मिन."

"सान फेर्मिन? म्हणजे वेन्सेस्लाओचं गाव. जिवंत आहे का तो?"

"आहेत. मोटारी दुरुस्त करतात."

डीनसाहेबांनी ताटली खाली ठेवली. "मग तू माझ्याकडे कशाला आलास?"

त्यांनी काय विचारले ते मला समजले नाही. मी तसाच गुडघ्यांवर राहिलो.

"अरे बाबा, एकदा फादर झालेला माणूस मरेपर्यंत फादरच राहतो. त्याचा परवाना काढून घेतात, अभिषेक पुसता येत नाही. आणि समोरचा माणूस मरणाच्या दारात असला तर परवाना कुणी विचारत नाही. तो त्याची कबुली ऐकू शकतो. क्षमा देऊ शकतो. अगदी खरी, माझ्याइतकी खरी. पोपसाहेब स्वतः आले तरी यापेक्षा वेगळं काही देणार नाहीत. त्याने सांगितलं नाही तुला?"

"सांगितलं होतं."

"मग?"

बादलीतील पाण्यावर साबणाचा फेस होता, त्याच्याकडे मी पाहत राहिलो. तीन दिवसांपूर्वी घाटावर जे मिळत होते तेच शोधीत मी नदीभर फिरलो होतो. तरीही त्या क्षणी मला आशा वाटली, हे कबूल केले पाहिजे. अजून उशीर झालेला नव्हता.

"एवढं मला लिहून द्या, फादर," मी म्हणालो. "दोन ओळी. आणि शिक्का. माझी बहीण नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही."

त्यांनी बादलीतला एक पाय वर काढून पुन्हा बुडविला.

"ते जमणार नाही."

"का?"

"हे बघ. मरणाच्या दारातल्यांसाठी असं मी लिहिलं, की तो कागद गावोगाव फिरणार. कुणाला ताप आला तरी वेन्सेस्लाओकडे रांग लागणार. मग व्हिकार जनरल मला विचारणार, ओनोरातो, सोडून गेलेल्या माणसाला तू गाव देऊन टाकलंस का? मी डीन आहे, बिशप नव्हे. जे कायद्यात आहे त्याला माझी सही लागत नाही. आणि ज्याला सही लागते ते माझ्या अधिकारात नाही."

"मग बिशपांकडे जाऊ?"

"चार दिवस जायला. ते रिट्रीट संपल्याशिवाय कुणाला भेटत नाहीत. तुझी बहीण तेवढी थांबेल?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे पाणावले होते. ते दुष्ट मनुष्य नव्हते. "जा. पटकन जा. तिला सांग, डीननी सांगितलंय."

परतीचा प्रवास प्रवाहाविरुद्ध होता. वाटेत मोटार एकदा बंद पडली आणि अर्धा दिवस गेला. निघाल्यापासून आठव्या दिवशी, दुपारी, मी सान फेर्मिनला उतरलो आणि आधी मिस्त्रींच्या शेडमध्ये गेलो.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "डीनसाहेबांनी सांगितलं. तुमचंच खरं होतं."

त्यांनी केरोसीनने हात धुतले, मग साबणाने धुतले, मग पुन्हा साबणाने. रुफिनाने आतून पांढरा शर्ट आणून दिला.

सेनोबिया जागी होती. तिची हनुवटी टोकदार झाली होती आणि झुल्यात तिचे वजन जाणवत नव्हते.

"फादर कुठायत?"

मी शेजारी बसलो आणि पहिल्यापासून सर्व सांगितले. रिट्रीट, डीनसाहेब, अभिषेक, परवाना, सर्व. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "कागद आणलास?"

"तोंडी सांगितलंय त्यांनी."

"तोंडी," ती म्हणाली. "तेओ, मागच्या वर्षी बिचारी सेलेदोनिया कुणाच्या पोराची गॉडमदर व्हायला आली होती. तिच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला नव्हता म्हणून तू तिला परत पाठवलंस. ती आठ दिवस रडली. तिलाही फादरांनी चालेल म्हणून तोंडी सांगितलं होतं."

"ते वेगळं होतं, आक्का."

"वेगळं कसं? तूच म्हणालास, शिक्का नाही तर काही नाही."

मिस्त्री दारात उभे होते. ते म्हणाले, "सेनोबिया, तो खरं बोलतोय."

"तुम्ही या, बसा," ती त्यांना म्हणाली. "तुम्ही भले माणूस आहात. माझी मोटार तुम्ही दोनदा नीट केलीत, त्यात कुठं खोट निघाली नाही. पण हे निराळं. मी जे सांगणार ते सांगायला माझ्यात एकदाचीच ताकद आहे, मिस्त्री. तुम्हाला सांगितलं आणि ते वर पोचलंच नाही, तर? मला ते दुसऱ्यांदा तोंडातून काढता यायचं नाही."

"पोचेल. मी शपथ घेतो."

"तुम्ही एकदा शपथ घेतली होती की," ती म्हणाली. त्यात टोचणी नव्हती. असलीच तर हळहळ होती.

मी तिच्या पायांवर डोके ठेवले. मी म्हणालो, शिडी चुकीची होती, मी अर्धवट शिकलो व अर्धवट शिकविले, कागदावरील एक ओळ मला समजली नाही म्हणून मी ती गाळली. ती माझ्या केसांतून बोटे फिरवीत होती. मी लहान असताना फिरवीत असे तशीच.

"माझ्यासाठी खोटं बोलतोयस तू," ती म्हणाली. "मला कळतंय. मी घाबरलेय हे तुला बघवत नाहीये. पण असल्या गोष्टीत खोटं बोलणं मोठं पाप आहे, तेओ. फादर आले की तू ते कबूल कर. विसरू नकोस."

"मी खोटं बोलत नाहीये, आक्का!"

"बरं. आणि एक वचन दे. माझी शुद्ध गेल्यावर यांना माझ्या डोक्यावर हात ठेवू देऊ नकोस. काही म्हणू देऊ नकोस. उद्या देवापुढं उभी राहिले आणि विचारलं, की हा खोटा शिक्का कुणी मारला, तर मी काय सांगू?"

मी वचन दिले नाही. तिने पुन्हा मागितले. तिसऱ्यांदा तिला धाप लागली, तेव्हा मी दिले.

त्यानंतर ती तीन दिवस जगली. मिस्त्री रोज सकाळी पांढरा शर्ट घालून येत आणि घराच्या शिडीच्या पायऱ्यांवर बसत. ती जागी असली की दोघे मोटारींविषयी, पाण्याच्या पातळीविषयी बोलत. ते एकदा विचारीत, "आज?" आणि ती नकाराची मान हलवी. दोन वेळा तिने मला विचारले, नदीवर मोटारीचा आवाज येतो आहे का. फादरांच्या मोटारीचा आवाज जाड असतो हे तिला माहीत होते. गुरुवारी पहाटे तिची शुद्ध गेली. ऊन वर आल्यावर रुफिना तिचे केस विंचरीत असताना मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. नुसते पाहिले. मी दारात आडवा उभा राहिलो. मी वचन दिले होते, आणि तिला जे भय होते त्यात भर घालण्याचा अधिकार मला नव्हता, असे तेव्हा मला वाटले. आज मला काय वाटते ते मी लिहिणार नाही. थोड्या वेळाने रुफिनाने फणी बाजूला ठेवली.

माती मीच दिली.

फादर लिबोरियो ठरल्याप्रमाणे महिन्याभराने आले. त्यांनी सेनोबियासाठी मिस्सा केली व थडग्यावर पाणी शिंपडले. नंतर मी त्यांना विचारले. होय, ते म्हणाले, डीनसाहेबांचे म्हणणे बरोबर आहे, कबुली ग्राह्य धरली गेली असती. मनात पूर्ण पश्चात्ताप असेल तर देव त्याखेरीजही क्षमा करतो, असेही ते म्हणाले. "असेल तर" हे दोन शब्द मी घरी घेऊन आलो.

"हे तुम्ही आम्हाला कधी का सांगितलं नाही, फादर?"

"कुणी विचारलंच नाही, तेओदुलो."

"मग मी आता रविवारी सगळ्यांना सांगतो."

"थांब. उगाच गोंधळ होईल. मी आधी डीनसाहेबांना विचारतो."

त्यांनी खरोखरच विचारले. डीनसाहेबांनी व्हिकार जनरलना लिहिले. व्हिकार जनरलनी प्रश्न बिशपांपुढे ठेवला असल्याचे एदुविखेसबाईंनी एका नावाड्याबरोबर कळविले. त्यास आता अकरा महिने झाले.

गेल्या सोमवारी वरच्या काठचा म्हातारा दोरोतेओ अंथरुणाला खिळला. त्याचे दोन्ही मुलगे माझ्याकडे आले व सांता मार्ताला जायला किती इंधन लागेल ते विचारू लागले. उत्तर येईपर्यंत गप्प राहण्याची मला आज्ञा होती. मी ती मोडली. मी त्यांना बसविले आणि कायदा, कलम, सर्व काही सांगितले. मिस्त्री इथेच आहेत, आत्ता, या क्षणी, म्हटले.

थोरल्याने आदराने ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "गुरुजी, मग तुमच्या बहिणीनं का नाही घेतलं त्यांच्याकडून?"



"बाबांना पण फादरच हवेत," धाकटा म्हणाला. "तुम्ही तोवर त्यांच्यापाशी प्रार्थना म्हणा."

ते घाटावर गेले. त्यांची मोटार धड चालत नव्हती, म्हणून त्यांनी मिस्त्रींना बोलाविले. मिस्त्रींनी प्लग काढून पुसला, पुन्हा बसविला, दोरी ओढून पाहिली आणि मोटार चालू झाल्यावर वाटेत ती फार तापू देऊ नका, एवढे बजावून त्यांची नाव ढकलून दिली. मी दोरोतेओच्या घरी जाऊन त्याच्या झुल्याशेजारी बसलो. त्याने विचारले, किती दिवस लागतील. मी म्हणालो, पाच, फार तर सहा.